सगळ्यांत मागे चालणारा गाईड

ती घटना मनातून अजून गेलेली नाही. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर मी मुक्त विद्यापीठात इतिहास घेऊन बी.ए.ला नाव घातले. आमच्या घरात कॉलेजात शिकणारा मी पहिलाच, तोही साठीला आलेला, त्यामुळे लिहिताना थोडा अडखळतो. जे घडले ते सरळ सांगतो. नावे कोणाचीच देत नाही.

आमच्या ठाण्याच्या हद्दीत एक गड होता. कॉलेजच्या सहलीत दुसऱ्या वर्षाला शिकणारी एक मुलगी तिथल्या पाण्याच्या टाक्यात बुडून मेली. सहल नेणाऱ्या गाईडवर हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल झाला. गुन्हा जामीनपात्र असल्याने तो सुटला. पहिल्या काही तारखांना आला, मग यायचा बंद झाला. न्यायालयाने अजामीनपात्र वॉरंट काढले. पोलीस घरी गेले तर खोलीला कुलूप होते. तो फरारी झाला आणि खटला तिथेच थांबला.

मुलीची आई मात्र थांबली नाही. बाजाराच्या दिवशी भाजी विकून झाली की ती ठाण्यात येऊन ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर बसायची. मी या ठाण्यात बदलून आलो, तेव्हा तिने मलाही तेच सांगितले.

"साहेब, त्याला फाशी द्या असं माझं म्हणणं न्हाई. गावात बोलत्यात, पोरीनं जीव दिला म्हणून. आमच्यात कॉलेजला गेलेली ती पहिली. ती असं करंल का? पाय घसरला की उडी मारली, एवढं मला त्याच्या तोंडून ऐकायचं हाय. तो होता ना तिथं."

वर्षे गेली. मग एक दिवस ठाण्यात चंडीगडहून फोन आला. बोलणारी बाई दबकत बोलत होती.

"मी त्या सहलीत होते, सर. मिस्टर फौजेत आहेत, आम्ही चंडीमंदिरला असतो. माझं नाव मात्र कुठे येऊ देऊ नका."

सासूसासऱ्यांना शहर दाखवायला ती एका इतिहासफेरीला गेली होती. अशा फेरीला फी नसते, फिरून झाल्यावर ज्याला जे वाटेल ते गाईडला द्यायचे. "तो बोलायला लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. आवाज तोच. आता दाढी आहे. मी मुद्दाम मराठीत विचारलं, तर म्हणाला, 'जी, मैं समझा नहीं.'"

वरिष्ठांची परवानगी घेऊन मी एका हवालदाराबरोबर चंडीगडला गेलो. स्थानिक ठाण्यात येण्याची नोंद केली. तिथले प्रभारी चहा पाजत म्हणाले, "जनाब, वो तो शरीफ बंदा है. बच्चों को मुफ्त में घुमाता है. देख लेना, कहीं गलत आदमी न उठा लो."

मलाही तीच धास्ती होती. माझ्याकडे एक जुना फोटो आणि एका बाईचा संशय, एवढेच होते. म्हणून आम्ही दोघे साध्या कपड्यांत त्याच्या फेरीत सामील झालो.

सेक्टर सतराच्या चौकातून आम्ही दहाबारा जण निघालो. तो छान बोलत होता. हे सेक्टर आखण्याआधी इथे गावे होती, माणसे उठली, पण त्यांची काही झाडे राहिली, असे सांगत तो एकेका झाडापाशी आम्हाला थांबवी. चालताना मात्र तो सगळ्यांत मागे राही. पुढच्या वळणाची खूण सांगून सगळ्यांना पुढे घाली आणि शेवटचा माणूस पोहोचल्याशिवाय तोंड उघडत नसे.

एका पंजाबी आजींनी त्याला छेडलेच. "पुत्तर, गाइड तो आगे चलता है. तू पीछे क्यों? हमारी चौकीदारी करता है?"

"आंटी जी, यहाँ की सड़कें सीधी हैं, आगे कोई नहीं खोता," तो हसून म्हणाला. "पीछे वाला दिखना चाहिए."

हवालदार माझ्या कानाशी लागला. "साहेब, आपल्यावरच नजर ठेवतोय काय हा?"

फेरी एका कडुनिंबाखाली संपली. लोकांनी त्याच्या टोपीत नोटा टाकल्या. हवालदार कुजबुजला, "आपणही द्यायचे? प्रवासखर्चात काय म्हणून दाखवायचे?" मी त्याला गप्प केले आणि नोट टाकली. फेरी चांगलीच झाली होती.

लोक पांगले. आपल्याकडे कोणाचे लक्ष नाही, असे त्याला वाटले असावे. त्याने हात वर करून कडुनिंबाची कोवळी पाने तोडली, खिशातल्या पुडीतून गुळाचा खडा काढला, पानांबरोबर तळहातावर चुरला आणि तोंडात टाकला. त्या दिवशी गुढीपाडवा होता. आम्ही दोघे सकाळपासून लॉजवर पराठे खाऊन फिरत होतो, घरची आठवण आम्हालाही झाली होती.

मी जवळ गेलो आणि हात पुढे करून मराठीत म्हणालो, "मलाही द्या थोडी. आज अजून खाल्ली नाहीत."

त्याने उरलेली पाने आणि गूळ माझ्या हातावर ठेवला. "घ्या ना," म्हणाला. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिले. पळाला नाही. "कोणत्या ठाण्याचे?" एवढेच विचारले.

स्थानिक ठाण्यात मी त्याची चौकशी केली. आवाज चढवावाच लागला नाही.

"शिक्षा किती होते हे वकिलाने सांगितलं होतं?" मी विचारले.

"हो. फार तर दोन वर्षं."

"मग पळालास कशाला? एव्हाना सगळं संपून गेलं असतं."

"त्या मुलीच्या आई तारखेला येऊन बसायच्या. आज ना उद्या त्या मला विचारणार होत्या, साहेब. आणि मला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"मी पुढे होतो. बुरुजावर उभा राहून लढाई सांगत होतो, रंगात आलो होतो. ती मागे राहिली होती. कोणी ओरडलं तेव्हा मी वळलो, तर टाक्याच्या काठावर नुसते तिचे बूट. मी काहीच पाहिलं नाही. कोणीच पाहिलं नाही."

बूट काढून ठेवलेले होते का, हे मी तीन-चार प्रकारे विचारले. पाय धुवायला उतरणारा माणूस बूट काढतो आणि जीव देणाराही काढतो. जुन्या पंचनाम्यातही तेवढेच होते. तो सगळ्यांच्या मागे का चालतो, हे मला आता विचारायची गरज उरली नाही.

त्याची बायको चंडीगडजवळच्या मुल्लानपूरच्या भाड्याच्या खोलीतून लहान मुलीला घेऊन आली. तिला यातले काहीही ठाऊक नव्हते. ती मला म्हणाली, "जी, कितने दिन का काम है?" मी म्हणालो, "कोर्ट बताएगा, बहनजी."

तिथल्या कोर्टाकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला आपल्या राज्यात नेण्याची परवानगी, घेऊन आम्ही गाडीत बसलो. वाटेत त्याने विचारले, "साहेब, घसरली असं सांगू का त्यांना? मी पाहिलं असं?"

मी म्हणालो, "पाहिलंस तेवढंच सांगायचं." वर्दीतल्या माणसाला दुसरे काही म्हणता येत नाही. त्यानेही पुन्हा विचारले नाही.

न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. बाहेर व्हरांड्यात ती आई उभी होती. मी त्याला तिच्यासमोर थांबू दिले. तिने विचारले आणि त्याने हात जोडून खरे ते सांगितले. ती रागावली नाही, रडलीही नाही. फक्त म्हणाली, "म्हणजे तुलाबी म्हाईत न्हाई." शिपाई त्याला घेऊन गेले.

तिला बसथांब्यापर्यंत सोडायला मी बरोबर गेलो. बस यायला वेळ होता. काही तरी बोलावे म्हणून मी म्हणालो की आरोपी सापडला, आता खटला निकाली निघेल.

"तो सापडत नव्हता तवर बरं होतं, साहेब," ती म्हणाली. "कुणाला तरी ठावं हाय, असं वाटायचं."

त्या प्रकरणाबद्दल वरिष्ठांनी माझ्या कामाची चांगली नोंद केली. तपासात कुठे चूक झाली असे मला आजही वाटत नाही. वॉरंट बजावायचे असते आणि आरोपीला खोटे बोलू द्यायचे नसते, हे मी नव्या पोरांनाही शिकवले. पण माणूस हजर केला की घडलेली गोष्टही हजर होते, असे मी समजत होतो, ते तसे नव्हते. त्यानंतर ती बाई ठाण्यात कधी आली नाही. बाजाराच्या दिवशी भाजीच्या ओळीत दिसायची. गिऱ्हाईक नसले, तरी मी समोरून जाताना ती पालेभाजीच्या जुड्या सारख्या करत राहायची, आणि मीही न थांबता पुढे जायचो.