घोड्यांच्या कापडाची खोळ

आर्डिस टॉलेफसननं एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. तिथून निवृत्त होताना तिनं दुसरं काही घरी आणलं नसेल, पण संशय मात्र पोतंभर आणला. कुठल्या पोराच्या खिशात तिसरं बिस्किट आहे ते तिला त्याच्या चालीवरून कळायचं. पुढे शाळा सुटली, पण खोड सुटली नाही. शेजाऱ्यानं आपणहून तिच्या दारातला बर्फ काढून दिला, तर ही पडद्याआडून बघत पुटपुटायची, "याला काय हवंय आता?" चर्चच्या नव्या पाद्रीबाईंनी तिच्या रूबार्बच्या आंबटगोड वड्यांची तोंडभरून स्तुती केली, तर हिनं घरी येऊन उरलेली वडी पुन्हा चाखली, साखरेऐवजी मीठ तर पडलं नाही ना म्हणून. मिनेसोटातल्या त्या एवढ्याशा गावात लोक तिच्याशी हसायचे, पण जरा बेतानंच.

लॅव्होनशी तिचं फाटलं तेही अशाच एका प्रकरणात. लॅव्होन तिची चाळीस वर्षांची मैत्रीण. दर मंगळवारी चर्चच्या तळघरात बाया मोठ्या चौकटीवर गोधडी ताणून टाके घालायच्या, त्यात या दोघींच्या खुर्च्या शेजारी शेजारी. दर हिवाळ्यात दोघी आपल्याकडच्या चिंध्यांच्या पिशव्या अदलाबदल करायच्या. हिच्या घरचा कंटाळा तिच्या घरी नवा व्हायचा. पण दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी आर्डिस आली, तर तिनं गेल्या खेपेला घातलेले टाके उसवून कुणीतरी नवे घातलेले. गोधडी शिवणाऱ्या बाईचा याहून मोठा अपमान नाही. लॅव्होननं सरळ कबूल केलं, "अगं, तुला डोळ्यांना दिसत नाहीये, लांब पडतायत तुझे टाके. मी नीट केले, एवढंच." त्या दिवसापासून आर्डिस तळघरात गेली नाही आणि लॅव्होनचं नाव तिच्यासमोर कुणी काढलं नाही.

अशा या बाईची एकच गोष्ट चार वर्षं बिनघोर होती, आणि ती देवदाराच्या पेटीत गोधड्यांच्या तळाशी होती. नवऱ्याचा शर्ट.

आर्लो शाळेची बस चालवायचा. सव्वीस वर्षांपूर्वी काउंटीच्या मुख्य गावातलं कापडाचं जुनं दुकान बंद होत होतं, तिथं आर्डिसला मोहरी रंगावर लाल घोडे छापलेलं कापड दिसलं. शेवटचे अडीच वार. तिनं आर्लोला शर्ट शिवला, आणि त्या भल्या माणसानं तो दर शुक्रवारी बसवर घातला. शिवून शिवून दोनदा कॉलर पालटली, तरी सोडला नाही. पोरं शुक्रवारला 'घोडेवार' म्हणायची. आर्लो गेला तेव्हा तो शर्ट खुर्चीच्या पाठीवर होता, न धुतलेला. आर्डिसनं तो त्याच्याच उशीच्या अभ्र्यात गुंडाळला, झिपच्या पिशवीत घातला, वरून दाबून हवा काढली आणि पेटीत ठेवला. त्या पिशवीत डिझेल होतं, पेपरमिंटच्या गोळ्या होत्या आणि आर्लो होता. उघडली की वास उडणार, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तिनं ती चार वर्षांत एकदाही उघडली नव्हती.

ऑक्टोबरात चर्चचं शरदाचं जेवण होतं. आर्डिसची सून केंड्रा तिथं फोटो काढत फिरत होती. केंड्रा शहरातली, सहा वर्षांपूर्वी डेलशी लग्न करून गावात आली आणि लग्नांचे, शाळा संपवणाऱ्या पोरांचे फोटो काढून तिनं चांगलं बस्तान बसवलं. त्या दिवशी तिच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर एक नवी रंगीबेरंगी खोळ चढवलेली होती, तुकड्याला तुकडा जोडून शिवलेली. आणि तिच्यात, बरोबर डाव्या खांद्याजवळ, दोन बोटं रुंदीचा मोहरी रंगाचा तुकडा होता. त्यावर लाल घोड्याचं तोंड.

आर्डिसनं कॉफीचा कप खाली ठेवला.

"नवीन दिसतंय गळ्यात."

"पट्टा मान कापतो हो, आर्डिस," केंड्रा म्हणाली. "दिवसभर अडकवायचा म्हणजे काय. म्हणून शिवली खोळ. चिंध्यांची आहे."

"चिंध्या कुठल्या?"

"अशाच. जमलेल्या." आणि केंड्रानं पटकन कॅमेरा डोळ्याला लावून गोडाच्या टेबलाचा फोटो काढला. त्या टेबलाचे तिनं आधीच चार काढले होते.

आर्डिसच्या मनात पाल चुकचुकली. वसंतात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तीन आठवडे ती घराबाहेर होती. मांजराला खायला घालायला, कुंड्यांना पाणी द्यायला घराची किल्ली केंड्राकडे दिली होती आणि ती अजून तिच्याकडेच होती. तीन आठवडे ही पोरगी त्या घरात एकटी. पेटीला कुलूप नव्हतं. शहरातल्या माणसाला जुना शर्ट म्हणजे काय, जुना शर्टच.

घरी येऊन तिनं गोधड्या उचलल्या आणि पिशवी बाहेर काढली. अभ्र्यामुळे आतलं काही दिसेना. तिनं दाबून पाहिलं. पूर्वीपेक्षा चपटी लागते का? झिपचं टोक असं किंचित सुटलेलं आधीपासून होतं? अभ्र्याची घडी आपण डावीकडे केली होती की उजवीकडे? एक झिप ओढायचा अवकाश, सगळा उलगडा झाला असता. पण केंड्रा निर्दोष असली तर? वास फुकट जायचा. आणि दोषी असली तर शर्टही गेला आणि वासही. आर्डिसनं पिशवी परत ठेवली आणि त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं नाही.

मग तिनं डाव टाकला. सुनेला फोन केला आणि म्हणाली, "मलाही तसली खोळ शिकव. डेलच्या दुर्बिणीच्या पट्ट्याला करून देते, हरणाच्या शिकारीला नेईल."

केंड्राचा हर्ष गगनात मावेना. सहा वर्षांत सासूनं तिच्याकडे काही शिकायला मागितलं नव्हतं. शिकवलं मात्र होतं पुष्कळ, न मागता.

शनिवारी सकाळी केंड्राच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मशीन मांडलं गेलं. केंड्रानं लिंबाचा केक केला होता. आर्डिसनं केक खाल्ला, बरा झालाय म्हणाली आणि नजर खुर्चीवर लटकलेल्या कॅमेऱ्यावर ठेवली.

"आधी तुकडे जोडून लांब पट्टी करायची," केंड्रा सांगत होती. "पट्ट्याच्या रुंदीच्या दुप्पट, वर शिलाईपुरतं जास्त. मग सुलटी बाजू आत घेऊन दुमडायची, कडेनं शिवायची, झाली नळी. सेफ्टी पिन लावून उलटी केली की पट्टा आत सरकवायचा."

"नळी मला कळते. तुझ्या जन्माआधीपासून बाह्या शिवतेय मी."

केंड्रानं पट्टीचं टोक सुईखाली घातलं आणि पाय दाबला. मशीननं कापडाचा कोपरा गिळला, खाली दोऱ्याचा गुंता झाला.

"चिंधी कुठंय तुझी?" आर्डिसनं विचारलं.

"कसली चिंधी?"

"अगं, आधी सुईखाली एक फालतू चिंधी घालायची. तिच्यावर चार टाके मारायचे, आणि मग तिच्या मागून खरं कापड सरकवायचं. गुंता व्हायचा तो चिंधीत होतो. प्रत्येक बाईच्या मशीनखाली असतेच एक, वर्षानुवर्षं तीच. इतकंही कुणी शिकवलं नाही तुला?"

"तुम्ही शिकवताय की आता," केंड्रा हसून म्हणाली.

हसणं बरं होतं. फारच बरं होतं, असं आर्डिसला वाटलं. पोरं बिस्किट लपवताना अशीच गोड व्हायची.

केंड्रा चहाचं पाणी ठेवायला वळली, तशी आर्डिसनं कॅमेरा मांडीवर ओढला. घोडा तोच. छपाईत त्याच्या डाव्या कानाचा रंग जरा सांडलेला होता, त्या थानातल्या प्रत्येक घोड्याचा सांडलेला होता. कडांवर कात्री नीट चाललेली. बारीक टाके. केंड्राचा हात तिला वाटला होता त्याहून चांगला होता, आणि त्यानं तिला आणखीच राग आला.

"हा तुकडा कुठला?"

केंड्रा वळली. तिचा चेहरा लाल झाला. "म्हटलं ना, चिंध्यांतला."

"कुणाच्या?"

केंड्रा ताकास तूर लागू देईना. "ते मी नाही सांगू शकत, आर्डिस. शब्द दिलाय मी."

"शब्द. बरं." आर्डिसनं हात पुढे केला. "माझ्या घराची किल्ली दे."

केंड्राला कळायला क्षणभर लागलं. मग तिला सगळंच कळलं. "तुम्हाला वाटतं मी आर्लोचा शर्ट कापला."

"मी काही म्हटलं नाही."

"तुम्हाला म्हणायला लागतच नाही." केंड्रानं चहाखालचा गॅस बंद केला. "मी त्या पेटीवरची धूळ पुसायची ना, तेव्हा झाकणावर हातसुद्धा जोरात टेकवला नाही. डेलनं सांगितलं होतं आत काय आहे ते."

तिनं किल्ल्यांच्या जुडग्यातून एक किल्ली नखानं काढली. मग कॅमेऱ्याचा पट्टा एका बाजूनं सोडवला, खोळ ओढून काढली आणि दोन्ही वस्तू सासूपुढे ठेवल्या. "घोडा तुमचा आहे ना, मग घेऊन जा."

आर्डिस घेऊन गेली.

घरी आल्यावर तिनं कोटसुद्धा काढला नाही. आता पुरावाच हवा होता. कापलेला शर्ट डेलसमोर धरायचा आणि विचारायचं, बोल. तिनं पिशवी काढली, झिप ओढली, अभ्रा उलगडला. शर्ट अखंड होता. तिनं बाह्या पाहिल्या, पाठ पाहिली, खालची घडी पाहिली, कॉलर उलटी करून पाहिली. कुठं कात्री लागली नव्हती. तेव्हा कुठं तिला भान आलं आणि तिनं शर्टात तोंड खुपसलं. पहिल्या श्वासाला आर्लो होता. दुसऱ्याला थोडासा होता. मग नुसतं कापड आणि देवदार. चार वर्षं जपलेला नवरा आपण एका संशयापायी पाच मिनिटांत घालवला, हे तिला लख्ख कळलं, आणि ती पलंगावर बसून रडली. तिला रडताना आर्लोशिवाय कुणी कधी पाहिलं नव्हतं.

पण डोळे पुसल्यावर पहिला विचार आला तो हाच, की मग हा घोडा आला कुठून? खोड ती खोड. तिनं भिंग घेतलं, उसवायची सुरी घेतली आणि खोळीची शिलाई वीतभर उसवली. तुकड्याची उलटी बाजू वर आली.

ती बाजू दोऱ्यांनी भरलेली होती. टाक्यांवर टाके, एकाशी दुसऱ्याचा मेळ नसलेले. हिरवा, तो स्वयंपाकघरातल्या पडद्यांचा. नारिंगी, डेलच्या हॅलोविनच्या भोपळ्याच्या पोशाखाचा. काळा, आईच्या अंत्यविधीला शिवलेल्या झग्याचा. आणि सगळ्यांच्या खाली मोहरी रंगाचा, तो शर्टाचाच. ही तिची सुईखालची चिंधी होती. शर्टाच्या उरलेल्या कापडातली, वर्षानुवर्षं मशीनखाली राहिलेली. तिला कापड म्हणून कुणी लक्षातच ठेवत नाही. दोऱ्यांनी जड झाली तेव्हा आर्डिसनंच ती चिंध्यांच्या पिशवीत टाकली असणार, आणि ती पिशवी एका हिवाळ्यात गेली लॅव्होनकडे. चार टाके नीट केले म्हणून जिच्याशी दोन वर्षं बोलणं टाकलं, त्या बाईनं हिची चिंधी जपून ठेवली होती, सुलट बाजूचे दोरे काढून साफ केली होती आणि सुनेच्या हातात दिली होती. आणि आर्डिसला सांगू नकोस म्हणाली होती, कारण सांगितलं असतं तर तिनं खोळ चुलीत घातली असती. आणि खरंच घातली असती.

तिनं शर्ट पुन्हा मांडीवर पसरला. मग सुरी घेतली आणि छातीवरचा खिसा चारी बाजूंनी उसवून काढला. कापडाला इजा झाली नाही. सुईखाली आधी एक चिंधी घातली, मग खोळीवर तो खिसा बसवला आणि उसवलेली शिलाई पुन्हा घातली. टाके लांब पडले. तिला भिंगातून ते दिसले, आणि तिनं तसेच ठेवले.

दुपारी ती केंड्राच्या दारात उभी होती. केंड्रानं दार उघडलं, पण या म्हणाली नाही. आर्डिसनं खोळ पुढे केली.

"लेन्सचं झाकण हरवत असतेस सारखी. ठेवायला खिसा केलाय. टाके वाईट आहेत, लॅव्होनला दाखव, ती नीट करून देईल. मंगळवारी मी येतेय म्हणून सांग तिला." पुढचं जड गेलं. "माझं चुकलं, केंड्रा."

केंड्रानं खिसा चाचपला. आत किल्ली होती. तिनं खिशाचं कापड बोटांत धरून पाहिलं, आणि ते कुठलं आहे ते कळलं तशी ती दाराला टेकली. मग तिनं खिसा नाकाशी नेला.

"आर्डिस, खालच्या कोपऱ्यात पेपरमिंटचा वास आहे अजून. खरंच. घ्या, बघा तुम्ही."

आर्डिसचा हात पुढे गेला आणि तिनं तो मागे घेतला.

"नको," ती म्हणाली. "तू म्हणतेस ना, मग असेल."