वाढत्या अंगाचा मासा

शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या काकू पँट शिवताना खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवत. मूल उंच झालं की शिवण उसवायची, पँट खाली सोडायची. कुणी आई कुरकुरली, तर म्हणत, "वाढत्या अंगाचं लेकरू आहे. पुढच्या वर्षी मला शिव्या द्याल."

आणि याच काकू बटणं आणायला गेल्या आणि शेजारच्या शोभेच्या माशांच्या दुकानातून अंगठ्याएवढा ऑस्कर मासा घेऊन आल्या. काळपट अंगावर नारिंगी शिंतोडे, डोळे जुनी ओळख असल्यासारखे. "मोठा होतो का हा?" एवढं त्यांनी विचारलं होतं. दुकानदार म्हणाला, "टाकी लहान असली की मासा तेवढाच राहतो, काकू." शिलाईतलं सगळं शहाणपण गुंडाळून ठेवून काकूंनी मान डोलावली. मशीनशेजारच्या फळीवर छोटी टाकी बसली.

मासा माणसाळला. काकू उठल्या की काचेशी यायचा, खाणं मिळेपर्यंत त्यांच्या मागे-मागे फिरायचा. काकूंचे यजमान खिडक्यांचे ग्रिल बनवायचे. ते त्याला जावईबापू म्हणत. "बसून खातात, कामाला हात लावत नाहीत, उशीर झाला की तोंड फिरवतात."

जावईबापू अंगाने भरू लागले. काकूंनी टाकीतला प्लास्टिकचा किल्ला काढला. मग दगड, मग झाडं. शिवणी उसवाव्यात तशी त्या जागा सैल करत गेल्या, आणि एक दिवस उसवायला काही उरलंच नाही. पाणी बदललं तरी लगेच गढूळ होई. वळायचं तर माशाला शेपटी काचेवर दुमडून घ्यावी लागे. काकूंनी बाहेरून टेप लावून पाहिली आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. असा कपडा त्यांनी वैऱ्याच्या पोरालाही शिवला नसता.

त्या तडक दुकानात गेल्या. "तेवढाच राहतो म्हणाला होतात ना?"

"सगळेच म्हणतात, म्हणून मीही म्हणालो," दुकानदार ओशाळला. "खुरटतो, आजारी पडतो, पण तेवढाच काही राहत नाही."

"मग परत घ्या."

त्याने आतली टाकी दाखवली. परत आलेले मोठाले मासे तिथे दाटीवाटीने उभे होते. "मोठी टाकी बघा, काकू. लहान टाकीत तो फार दिवस काढायचा नाही."

मोठी टाकी मावेल अशी घरात एकच भिंत होती, आणि तिला लागून यजमानांचा सोफा होता. दुपारचं जेवण झालं की ते त्यावर आडवे होत. तेवढीच त्यांची चैन. सोफा हलवायचं काकूंच्या ओठांवर येई आणि परत जाई. शेवटी त्या टेप घेऊन उभ्या राहिल्या.

"अहो, जरा उठता का? माप घ्यायचंय."

"माझं?"

"सोफ्याचं."

यजमानांनी पेपरची घडी घातली. "तरीच. आधी मासा बघतेस, मग सोफा बघतेस, मग माझ्याकडे बघून उसासा टाकतेस. मला वाटलं, मलाच दुकानात परत करतेस."

"तुम्हाला कोण घेणार?"

"तेही खरंच," ते उठले. "शेपटी दुमडते त्याची. पेपरच्या आडून मलाही दिसतं. लोखंडी स्टँड मी करतो. सोफा माझ्या ताईला देऊ, ती कधीची डोळा ठेवून आहे."

स्टँड झाला, टाकी आली. जुन्या टाकीतलं थोडं पाणी आणि फिल्टरचा स्पंज तिच्यात गेला, आणि मग मासा. दोघं स्टुलं ओढून समोर बसले.

मासा थोडा पुढे गेला आणि वळला. पुन्हा गेला, पुन्हा तिथेच वळला. जुन्या टाकीची काच जिथे आली असती, बरोबर तिथे. पुढे मोकळं पाणी पडलेलं, आणि हा शेपटी दुमडून माघारी.

"याला कसं सांगायचं हो?" काकूंचा आवाज बारीक झाला.

"सांगू नकोस. बोलाव."

काकू उठून टाकीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. मासा त्यांच्याकडे निघाला आणि नसलेल्या काचेपाशी थबकला. काकू हलल्या नाहीत. मग तो बोटभर सरकला, आणखी बोटभर, आणि एकदम सरळ पोहत थेट काकूंच्या पुढ्यात आला. तिथून वळला तेव्हा त्याची शेपटी पुरती उघडी होती.