आबांचा हात पोचतो तिथपर्यंत

१४ डिसेंबर, रविवार. मंडळी, बरेच दिवस इथे फिरकले नाही, माफ करा. घरात बाथरूमचं काम काढलंय.

आज सिन्नरहून येणाऱ्या मिस्त्रींनी विचारलं, "ताई, भिंतीला टाइल्स कुठपर्यंत लावायच्या?"

"छतापर्यंत. सगळ्या पांढऱ्या."

माझे सासरे, आबा, दारात उभे होते. "अगं, सगळं पांढरं केलंस तर रोज भिंतीवर डोकं आपटीन मी!"

मिस्त्री हसले. मला हसू आलं नाही. आबांना हल्ली कमी दिसतं, पण ते स्वतःहून कधी बोलत नाहीत.

"मग आत्ता कसं करता?"

"खुंटीवरचा निळा पंचा दिसला की भिंत कळते. तू तो वाळत घातलास की चाचपतो."

तो मी रोज वाळत घालते.

दार लावून, एकट्याने आंघोळ करता यावी, एवढंच त्यांना हवंय. शेवटी ठरलं: आबांचा हात पोचतो तिथपर्यंत गडद निळ्या टाइल्स, वर नुसता रंग. त्यांनी हात उंचावला, मिस्त्रींनी पेन्सिलीने खूण केली. आबा वेळेवर बोलले, याचं किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तुमच्याकडेही असं कुणी गप्प राहून चाचपत असेल का?

उद्याचं काम: टाइल्स निवडायला आबांना बरोबर न्यायचं.