तापल्यावर विरघळणारा चीक

साताऱ्यात डॉक्टर रणनवरे यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत लालासाहेब शिर्के लघवी तपासत. फौजेच्या इस्पितळात अठरा वर्षं हेच काम करून ते गावी परतले होते. टेबलावर स्पिरिटचा दिवा आणि काचेच्या सहा नळ्या. लघवीत दोन थेंब ॲसिड टाकायचं, नळी चिमट्यात धरून दिव्यावर न्यायची, खळखळून उकळी आली की उजेडात बघायची. पांढरं दिसलं तर प्रथिन जातंय, स्वच्छ दिसलं तर नाही. मग नळी लगेच ओतून धुवायची, कारण नळ्या सहा आणि माणसं वीस. उकळी येईपर्यंत त्यांचा डावा हात नळी हलवत राही आणि उजवा पुढच्या माणसाचं नाव वहीत लिही. नळीकडे ते पाहायचे ते फक्त शेवटी.

१९७७च्या मार्चमध्ये बनाबाई चौथ्यांदा आल्या. वडूजच्या पलीकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. वय पंचावन्नच्या आसपास. कंबर सहा महिने दुखत होती, पाय सुजले होते, आणि लघवीला फेस येत होता. तिन्ही वेळा लालासाहेबांनी कागदावर लिहिलं होतं, ‘प्रथिन नाही’. त्या कागदांवर विसंबून डॉक्टर कंबरदुखीच्या गोळ्या देत होते.

बाकावर जागा नव्हती म्हणून बनाबाई आत टेबलाजवळच टेकल्या. नवरा, अर्जुना, दारात उभा.

“दादा, तुमी न्हाई म्हणता, अन् फेस तर असा की जणू साबण कालवलाय.”

“नळी खोटं बोलत न्हाई, आक्का,” लालासाहेब वहीत मान घालूनच म्हणाले. डाव्या हातातली बनाबाईंची नळी दिव्यावर तापत होती.

“आवं, ह्यो तर चीक झाला की!” बनाबाई नळीकडे बघत म्हणाल्या.

“काय झालं?”

“चीक वो. मेंढी व्याली की पयलं दूध. तापवलं की असंच पांढरं, घट्ट व्हतंय.”

लालासाहेबांनी वर पाहिलं तोवर उकळी आली होती. नळी स्वच्छ.

“कुठाय? पाणी हाय नुसतं.”

“आत्ता व्हतं. तुमी लिवत व्हता तवा आलं, अन् उकाळल्यावर गेलं.” बनाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. “चीक एकदा घट्ट झाला की परत पातळ व्हत न्हाई. ह्यो कसला चीक म्हणायचा?”

“हिला समद्या जगात मेंढरंच दिसत्यात,” अर्जुना हसला. “उद्या म्हणंल, डाक्टर बी वेतावर हाय.”

बाकावरची माणसं हसली. लालासाहेब हसले नाहीत. त्यांचा हात सवयीनं मोरीकडे निघाला होता, तो अर्ध्यात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तापलेली नळी न ओतता नळ्यांच्या लाकडी घोडीवर उभी ठेवली.

नळी निवू लागली. तळाशी धुकं धरलं, वर चढलं, आणि बघता बघता सगळी नळी ताकासारखी पांढरी झाली.

त्यांना आठवलं. फौजेतले एक म्हातारे मेजर एकदा म्हणाले होते, असं एक प्रथिन असतं, अर्ध्या तापात गोठणारं आणि उकळीत विरघळणारं; नशीब असेल तर जन्मात एकदा दिसेल. लालासाहेबांनी भांड्यात पाणी ठेवलं, त्यात थर्मामीटर आणि बनाबाईंच्याच लघवीची दुसरी नळी सोडली. या वेळी वही मिटलेली होती.

“पंचेचाळीस. काय न्हाई. पन्नास. आक्का, बघा, बघा!”

“आला!”

“साठ. घट्ट. गड्या अर्जुना, ये रं आत!”

पंच्याऐंशीला पांढरेपणा फिका झाला, उकळीला नाहीसा झाला. बाकावरची माणसं दारात गोळा झाली. लालासाहेब नळी हातात धरून तसेच डॉक्टरांच्या खोलीत घुसले; आत एक बाई जीभ दाखवत बसली होती, तिचंही भान त्यांना राहिलं नाही.

“साहेब, सापडलं!” आणि मग, श्वास घेऊन, “माझे तीन रिपोर्ट चुकलेत. मी उकळीलाच बघत आलो.”

डॉक्टरांनी नळी उजेडात धरली. निवता निवता ती पुन्हा पांढरी झाली. मग म्हणाले, “त्या दुखण्याच्या गोळ्या आधी बंद. अशा किडनीला त्या विषासारख्या.”

संध्याकाळी लालासाहेबांनी डॉक्टरांनी समजावलेलं अर्जुनाला आपल्या भाषेत सांगितलं. “आपल्या रक्तात रोगाशी लढायला बंदुका असत्यात. हाडाच्या आतल्या कारखान्यात एक टोळी बिघडली. पुरी बंदूक करायची सोडून नुसते दस्ते, मागच्या लाकडी मुठी, काढत सुटली. ते किडनीच्या चाळणीत अन् नळ्यांत जाऊन साचतात. साचत साचत किडनी बंद पडती.”

“मग दस्ते काढायचे कसे?” अर्जुनाचा आवाज आता वेगळा होता.

“कारखाना आवरायचा. उशीर झाला नसला तर.”

दुसऱ्या दिवशी ते तिघं एसटीनं सांगलीला गेले. ओल्या फडक्यात गुंडाळलेली लघवीची बाटली लालासाहेबांनी मांडीवर धरली होती, कंडक्टरनं विचारलं तर म्हणाले, “चीक हाय.” सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांपुढे त्यांनी स्वतः भांडं मांडून पांढरं आणून आणि घालवून दाखवलं. हाडातली मज्जा तपासल्यावर तोच आजार निघाला, मज्जेचा कर्करोग. किडनी निम्म्याहून थोडी जास्त चालू होती. बिघडलेली टोळी आवरणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, आणि भरपूर पाणी प्यायची ताकीद.

साताऱ्यात परतल्यावर लालासाहेबांनी वहीतल्या तीन जुन्या नोंदी लाल शाईनं खोडल्या, शेजारी सही केली. डॉक्टरांकडून आणखी बारा नळ्या मागून घेतल्या. आता कुणाचीही नळी निवेपर्यंत ओतली जात नाही.

बनाबाई दर महिन्याला येत. बाकावर जागा असली तरी आत टेबलाजवळच बसत. किडनी पहिल्यासारखी झाली नाही, पण सूज उतरली आणि त्या पुन्हा मेंढरांमागं चालू लागल्या. ऑगस्टमधली गोष्ट: पाणी तापत होतं, अर्जुना श्वास रोखून दारात, आणि दोन डोकी एका नळीवर वाकलेली.

“पन्नास,” लालासाहेब म्हणाले.

“न्हाई अजून.”

“पंचावन्न.”

बनाबाईंनी डोळे बारीक केले. मार्चमध्ये ताकासारखं पांढरं झालं होतं, तिथे आता नळीत जेमतेम धूर उतरल्यासारखं काहीतरी दिसलं.

“एवढंच?”

“एवढंच!” लालासाहेब ओरडले, आणि थर्मामीटर त्यांच्या हातातून सुटता सुटता वाचला.