कोमट धार

सारजा शेळगावच्या माहेरी होती तोवर तिने विहिरीपेक्षा मोठे पाणी पाहिले नव्हते. लग्न होऊन ती उजनी धरणाच्या काठी आली आणि पाण्याचा तो पसारा बघून काठावरच खाली बसली. पलीकडची कड दिसत नव्हती. सासरे झुंबरआबा शेजारी येऊन म्हणाले, "ह्याच्या बुडाशी आपलं गाव हाय." फडताळातले भांडे दाखवावे इतक्या सहज.

आबांचे घराणे मेंढरांचे. गाव आणि कुरणे पाण्याखाली गेली, मेंढरे विकली गेली आणि मुलाने, सारजाच्या नवऱ्याने म्हस्कूने, माणसे अलीकडे-पलीकडे न्यायला नाव घेतली. नावेच्या मागे एक जुनाट इंजिन होते, कितीतरी हातांतून आलेले, वरचे झाकण कधीच हरवलेले. ते पेट्रोलवर सुरू करायचे आणि अंगात ऊब आली की रॉकेलवर घ्यायचे. थंड असताना रॉकेल दिले तर गुदमरायचे. फार तापले तर आतल्या आत धरून बसणार, मग त्याला भंगारवालाच. आणि इंजिन गेले तर घरात कमाईचे दुसरे काही नव्हते.

काटा नाही, दिवा नाही. ताप हातानेच बघायचा. म्हस्कूचे तळवे वल्ही मारून इतके निबर झालेले की त्याला निखारासुद्धा उशिराच कळला असता. म्हणून हे काम सारजाकडे आले.

आबांनी तिला शिकवले ते मेंढरावरून: कानाच्या बुडाशी हाताची पाठ टेकवायची. तशीच ती इंजिनाच्या डोक्याला हात टेकवून म्हणायची, "घ्या आता रॉकेलवर." इंजिनाच्या कुशीतल्या एका भोकातून पाण्याची बारीक धार पडत असे. तलावाचे पाणी आत ओढायचे, तापल्या अंगातून फिरवायचे आणि बाहेर टाकायचे, अशी त्याची रीत. "मुततंय तवर बरं हाय," आबा म्हणायचे. मेंढराचीही तीच खूण. सारजा पदरात हसायची, पण धारेखाली हात धरला की हसू विरून जाई. आत जाळ पेटलेला, आणि बाहेर पाणी येते ते बाळाला न्हाऊ घालावे इतके कोमट. तिला रोज त्याचे नवल वाटे.

एका वर्षी पाऊस कमी झाला. उन्हाळ्यात पाणी उतरत गेले आणि बुडालेल्या गावाचे देऊळ पार दारापर्यंत उघडे पडले. त्याच उन्हाळ्यात इंदापूरच्या डॉक्टरांनी आबांच्या डोळ्यांत काचबिंदू असल्याचे सांगितले. गेली ती नजर परत यायची नव्हती, उरलेलीही फार दिवसांची नव्हती. संध्याकाळ झाली की आबांना आताच काही दिसत नसे. त्यांनी मुलाकडे एकच मागितले. "दिसतंय तवर देऊळ दाव."

दुपार कलल्यावर तिघे निघाले. ऊन मी म्हणत होते. इंजिन रॉकेलवर घेतल्यावर म्हस्कूने मायेने त्याच्या डोक्यावर ओले गोणपाट टाकले, ऊन लागलेल्या मेंढ्यावर टाकतात तसे. सारजाने हात टेकवला तर गार. खाली पाणीही पडत होते. तिला बरे वाटले.

शिखर दिसू लागले तेव्हा तिने सवयीने हात पुन्हा पाण्याखाली धरला. पाणी थंडगार होते. आगीतून आलेले पाणी थंड कसे असेल? ते गोणपाटाचे ठिबकणे होते.

"बंद करा," ती म्हणाली.

"अगं, आलं की देऊळ."

"बंद करा म्हणते न्हवं."

गोणपाट काढले तर धारेचे भोक कोरडे ठणठणीत. इंजिनाच्या डोक्याजवळ हात नेववेना. म्हस्कूने डबा बुडवून पाणी ओतायला उचलला. सारजाने त्याचे मनगट धरले. "तापल्या खापरीवर गार पाणी वतता व्हय? तडकंल ना."

इंजिन वर उचलून पाहिले, तर पाणी ओढायच्या जाळीला शेवाळ गच्च बसलेले. म्हस्कूने तारेने ते ओरबाडून काढले. मग वाट बघण्याशिवाय हाती काही उरले नाही. वारा नावेला मागे रेटत होता, म्हस्कू वल्ही मारून तिला कशीबशी जागेवर धरत होता आणि सूर्य खाली चालला होता. सारजा इंजिनाला हात लावायची आणि काढून घ्यायची. सासऱ्यांकडे बघायचा तिला धीर होईना.

"घाई करू नगं, पोरी," आबाच म्हणाले. "तापलेलं जनावर हाकत न्हाईत." पण त्यांची मान देवळाकडून हलली नव्हती.

अखेर हाताची पाठ इंजिनावर टिकली. म्हस्कूने दोरी ओढली. इंजिन खोकले आणि लागले. सारजा श्वास धरून त्या भोकाकडे बघत राहिली. आधी काहीच नाही. मग एक थुंकी, मग दोन थेंब, आणि मग धार. चटका देणारी, हळूहळू कोमट होत गेलेली.

नाव देवळाच्या पायरीला लागली तेव्हा सूर्य शिखराच्या खांद्यावर टेकला होता. सगळे पाणी तांब्याचे झाले होते आणि त्यातून ते काळे देऊळ, इतकी वर्षे बुडूनही, एक चिरा न ढळता उभे होते. म्हस्कूने वल्हे रोवून नाव धरून ठेवली. सारजाने आबांना हाताला धरून उतरवले.

"दिसतंय का, आबा?"

"दिसतंय."

मग त्यांनी दाराच्या चिऱ्याला हाताची पाठ टेकवली, कानाच्या बुडाशी टेकवावी तशी. दिवसभराचे ऊन दगडात होते.

"ऊन हाय गं," आबा म्हणाले. "बघ."

सारजाने त्यांच्या हाताशेजारी आपला हात टेकवला.