आईकडून शिकलेली क्रियापदं

माझं मराठी आईकडून आलंय, आणि फक्त आईकडूनच. पर्थमध्ये आमच्या आसपास दुसरं मराठी घर नव्हतं. वडील मी तीन वर्षांचा असताना गेले, त्यामुळे घरात मराठी बोलणारं मोठं माणूस एकच उरलं, आणि ते बाईमाणूस होतं. आई एका शाळेच्या कँटीनमध्ये कामाला जायची. घरी आली की दारातूनच म्हणायची, ‘मी आले.’ म्हणून मीही शाळेतून येताना ओरडायचो, ‘मी आले!’ ती दमले म्हणायची, मीही दमले. भूक लागली की मी ‘जेवते’, झोप आली की ‘झोपते’. आईला हे खटकत नसेल असं नाही. पण दिवसभर पावाचे ढीग कापून आल्यावर पोराची क्रियापदं दुरुस्त करायचं त्राण कुणाला असतं?

सोळाव्या वर्षी आईबरोबर सांगलीला गेलो. भरल्या पंगतीत कुणी तरी आग्रह करायला लागलं, तेव्हा मी हात आडवा धरून मोठ्यानं म्हणालो, ‘नको, मी खूप जेवले!’ चुलतभावंडं हसून लोळायची बाकी राहिली. मला अजिबात लाज वाटली नाही. एका वाक्यात वीस माणसं हसली, हे मला फार आवडलं. पुढे ज्यावर मी पोट भरलं ते व्यसन मला तिथेच लागलं. पण त्याच पंगतीत एक आत्या आईला म्हणाली, ‘बाप नसला की पोराचं असं होतं.’  परतीच्या विमानात आई मला म्हणाली, ‘चारचौघांत मराठी बोलू नकोस.’ मी म्हटलं, बरं.

आणि मी इंग्रजीत बोलायला लागलो. आधी पबमध्ये विनोद करत, जिथे माणसं बिअर पिता पिता तुमच्या चेहऱ्यापासून कपड्यांपर्यंत सगळ्याचा उद्धार करतात आणि त्याला प्रेम समजतात. मग रेडिओवर, मग टीव्हीवर. दर आठवड्याला एक तासाचा विनोदी कार्यक्रम, त्याचा मी सूत्रधार. तो बरीच वर्षं चालला. खोटा विनय मला जमत नाही, म्हणून सांगून टाकतो: तो माझ्यामुळे चालला.

म्हणजे माझ्यामुळे आणि मी करायचो त्या आईच्या नकलेमुळे. कार्यक्रम सुरू झाला की माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा. मी तो उचलायचो, आणि आईच्या आवाजात, आईच्या इंग्रजीत मीच मला विचारायचो, ‘आर यू वेअरिंग बनियन?’ बाहेर चाळीस डिग्री ऊन, आणि आईला माझ्या बनियनची काळजी. हे तिनं खरोखर विचारलेलं होतं, एकदा नाही, शंभरदा. गंमत अशी, की इंग्रजीत बनियन म्हणजे वडाचं झाड, एवढंच तिथल्या लोकांना ठाऊक. हा माणूस अंगात झाड घालतो की काय, म्हणून ते आणखी हसायचे. पुढे तर कुणी तरी वडाच्या झाडाचं चित्र असलेले टी-शर्ट काढले आणि माणसं ते घालून रेकॉर्डिंगला यायला लागली.

आई वर्षातून एकदा, माझ्या वाढदिवसाच्या आठवड्यात, रेकॉर्डिंगला यायची. पहिल्या रांगेत बसायची, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. आजूबाजूची माणसं डोळे पुसत हसत असायची आणि ही ढिम्म. शेवटी आमच्या फ्लोअर मॅनेजरनं कॅमेरावाल्यांना सांगून ठेवलं होतं, की त्या बाईंवर कॅमेरा न्यायचा नाही. मी अख्ख्या देशाला हसवत होतो आणि माझी आई एकदाही हसली नव्हती. मला कारण माहीत आहे अशी माझी खात्री होती. आपल्या इंग्रजीची मुलगा टिंगल करतो, म्हणून बाई दुखावलीय. माहीत असूनही मी नक्कल बंद केली नाही, कारण ती चालत होती. हे लिहायला मला आवडत नाहीये, पण खरं तेच आहे.

एके दिवशी वाहिनीनं कार्यक्रम बंद केला. त्याच वर्षी माझ्या बायकोला ग्वेल्फच्या विद्यापीठात जागा मिळाली. ती बटाट्यावरच्या रोगांवर संशोधन करते आणि त्या विषयात तिला तोड नाही. आईला घेऊन आम्ही तिघं कॅनडात आलो. इथे मला कुणी ओळखत नाही. ग्रोसरी स्टोअरमध्ये मी टोमॅटो निवडत अर्धा तास उभा राहिलो तरी कुणी फोटो मागत नाही, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, असं मी पहिले सहा महिने सगळ्यांना सांगत होतो.

कामही मिळालं. टोरंटोत एका टीव्ही शोच्या रेकॉर्डिंगआधी प्रेक्षकांना हसतं करून ठेवायचं. मुख्य माणूस आला की आपण पडद्याआड. पूर्वी माझ्या कार्यक्रमाआधी हेच करणाऱ्या ज्या माणसाला मी नुसती मान हलवून नमस्कार करायचो, त्याचं काम आता माझ्याकडे आलं. मी ते उत्तम करतो. इथला प्रेक्षक मोठा सभ्य. मोठ्यानं हसू आलं तर आधी शेजाऱ्याला सॉरी म्हणतो. त्याला हसवायचं म्हणजे थंडीत गाडी चालू करण्यासारखं आहे, जरा वेळ द्यावा लागतो.

आई सकाळी मॉलमध्ये चालायला जायची. तिथे तिला शेजारच्या वॉटर्लू शहरातले एक निवृत्त डॉक्टर भेटले. पन्नास वर्षांपूर्वी आलेले, तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. एका शनिवारी ते थेट आमच्याकडे चहाला आले.

‘तू म्हणे ऑस्ट्रेलियात सेलिब्रिटी होतास,’ ते मला म्हणाले. ‘मग आमच्या दिवाळी प्रोग्रामला हाफ अॅन अवर करून टाक की. पण मराठीत हं! इंग्लिश कॉमेडी मुलं यूट्यूबवर बघतातच.’

‘करतो ना काका,’ मी म्हटलं.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘डॉक्टर, तो इंग्रजीत करेल. त्याचं मराठी घरातलं आहे.’

‘अहो, घरातलंच पाहिजे! इथे कुणाला पुस्तकी समजतंय?’ असं म्हणून त्यांनी चकली मोडली आणि विषय संपवला.

ते गेल्यावर आई मला म्हणाली, ‘तू नाही म्हणून कळव. लोक हसतील.’

‘आई, लोक हसावेत म्हणूनच बोलावलंय.’

‘तसं नाही हसणार,’ ती म्हणाली, आणि कपबशा उचलून आत गेली. तिला सांगलीची पंगत आठवली होती, हे मला समजलं. पण मी आता हट्टाला पेटलो. आयुष्यभर इंग्रजीत जे जमलं नाही ते मराठीत करून दाखवायचं: आईला हसवायचं. पुढचे पाच आठवडे मी टोरंटोला जाता-येता गाडीत घोकत होतो. आलो, गेलो, बसलो, घसरलो, घाबरलो. शेजारच्या लेनमधले लोक माझ्याकडे बघायचे आणि नजरानजर झाली की हात हलवायचे.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात, रविवारी दुपारी. माझी वेळ श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतरची, म्हणजे आयोजकांनी माझ्यावर सूडच उगवला होता. पुढे ज्येष्ठ मंडळी, शाली गुंडाळून, अर्धवट झोपेत. मागे महाराष्ट्रातून शिकायला आलेली मुलंमुली, कामाची शिफ्ट बदलून आलेली. दुसऱ्या रांगेत आई, डॉक्टरांच्या शेजारी. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

पहिली दहा मिनिटं मी मस्त रंगवली. ‘माझ्या आईला कॅनडा फार आवडला,’ मी म्हटलं, ‘कारण हा एकच देश असा आहे, की इथे थंडीत गाडीलासुद्धा वेगळे कपडे घालतात.’ बर्फासाठी गाडीला लावायच्या विंटर टायर्ससाठी महिनाभर ताटकळलेली सगळी मंडळी हसली. डॉक्टर हसले. आई नाही. मी वेग वाढवला. पहिल्या बर्फात गाडी कशी घसरली ते रंगवून सांगायला लागलो. ‘ब्रेक दाबला तर गाडी म्हणते, मी नाही थांबणार. समोर ट्रक! आणि मी इतकी घाबरले ना...’

सभागृह फुटलं. मागची मुलं तर बाकांवर हात आपटायला लागली. मी तीस वर्षं हसवण्याचा धंदा करतोय, हसणं मला कानानं ओळखता येतं. हे माझ्या विनोदाचं हसणं नव्हतं. हे माझ्यावरचं होतं, पंगतीतलंच. सोळाव्या वर्षी मला त्यातला फरक समजला नव्हता. मी आईकडे पाहिलं. ती खाली पर्सकडे बघत होती. मला तिच्यासाठी इतकं वाईट वाटलं, की पुढचा विनोद मी सोडूनच दिला.

‘हसा,’ मी म्हटलं. ‘पण कारण ऐकून हसा. आमच्या घरात मराठी बोलणारं एकच माणूस होतं. ती आले म्हणायची, म्हणून मी आले म्हणायचो. पुरुष मराठीत कसा दमतो, कसा घाबरतो, हे ऐकायला घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं एकटीनं जेवढं मराठी दिलं तेवढं सगळं मी घेतलं. त्यातलं तिचं कुठलं आणि माझं कुठलं, हे निवडायचं राहून गेलं.’

 विनोदी माणसाला एवढं गंभीर होणं परवडत नाही. पुढे काय बोलावं याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून, माईकशिवाय, स्वयंपाकघरातून हाक मारावी तसा आवाज आला.

‘अरे, घाबरलो म्हण! घाबरलो!’

मघापेक्षा दुप्पट हशा. मी लगेच माईक तिच्याकडे वळवला. ‘आणि आई, तू घाबरलीस की काय म्हणतेस?’

‘मी घाबरतच नाही,’ आई म्हणाली.

लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. डॉक्टरांनी तर चष्मा काढून ठेवला. मी पुढची दहा मिनिटं फक्त क्रियापदं टाकत होतो आणि ती एकेक परत मारत होती. मी ‘दमले’ म्हटलं तर म्हणाली, ‘एवढ्यात? अजून भांडी राहिलीत.’ असा जोडीदार मला कुठल्याच वाहिनीनं दिला नव्हता. आणि मग आई हसली. माझ्या विनोदावर नाही, स्वतःच्याच. पण पर्स खाली पडेपर्यंत हसली. मी जिंकलो असं मला वाटलं, आणि तसं मी बायकोला गाडीत दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा करत होती. मी फुशारकीतच होतो. म्हटलं, ‘आई, आता खरं सांग. तिकडे इतकी वर्षं एकदाही का नाही हसलीस? तुझ्या इंग्रजीची चेष्टा करायचो म्हणून ना?’

‘छे,’ ती म्हणाली. ‘माझं इंग्रजी तसंच आहे. आणि बनियनचं मी खरंच विचारायचे.’

‘मग?’

तिनं चहा गाळला, माझा कप माझ्यापुढे ठेवला. ‘त्या टीव्हीवरच्या आईचा फोन तू पहिल्या रिंगला उचलायचास,’ ती म्हणाली. ‘दर आठवड्याला. माझा वाजून वाजून बंद व्हायचा. मग ती मशीनमधली मुलगी बोलायची, मेसेज ठेवा म्हणून. मी ठेवायचे. तू उलट फोन करायचा नाहीस. मग मी तिथे येऊन बसायचे आणि बघायचे, तू तिच्याशी किती छान बोलतोस.’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मलाच ते ऐकवेना. कारण मी ते निरोप ऐकत नव्हतो असं नाही. सगळे ऐकायचो. बनियनचा, खोकल्याचा, बागेतल्या नळाचा. नीट वहीत उतरवून घ्यायचो आणि मीटिंगमध्ये लेखकांना वाचून दाखवायचो. आईच्या प्रत्येक निरोपाचा मी कार्यक्रमात उपयोग केला. तिला फोन तेवढा केला नाही.

चहावर साय धरली. कुठलाही विनोद सुचला नाही, आणि सुचला असता तरी मी तो केला नसता. मी म्हटलं, ‘आई, माझं चुकलं.’

हे वाक्य बाईनं म्हटलं काय आणि पुरुषानं म्हटलं काय, सारखंच असतं. 

‘आता बरोबर बोललास,’ आई म्हणाली.