सुडासाठी शोधलेल्या ओळी

चाकणच्या कंपनीत, भरल्या मीटिंगमध्ये, मी कन्व्हेयरचा पट्टा चालवणाऱ्या कोडची एक ओळ नेटवरच्या नेहमीच्या सर्चमध्ये टाकली आणि मोठ्या पडद्यावर भोसरीतली चेन-पुलीची दुकानं उमटली.

"काका, कोड शोधायची साइट वेगळी असते," आमचा नवा इंजिनिअर म्हणाला. "ही दुकानं शोधायची." सगळे हसले. साहेबसुद्धा.

तेव्हाच ठरवलं, याला सोडायचा नाही. त्याने सांगितलेलीच ती साइट मी आठवडाभर घोटली. कंस, अर्धविराम, सगळं जसंच्या तसं शोधते, मला आवडलीच. मग त्याने 'स्वतः लिहिलेल्या' कन्व्हेयरच्या प्रोग्रामची एकेक ओळ तिच्यात टाकत गेलो. सापडला चोर! अख्खा प्रोग्राम उचललेला. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये हेच पडद्यावर लावायचं, या आनंदात मूळ लेखकाचं नाव पाहिलं.

मीच होतो. फार वर्षांपूर्वी मीच तो नेटवर टाकला होता. पट्टा उलटा फिरवणाऱ्या ज्या चुकीवरून मी त्याला महिनाभर झापत होतो, तीही माझीच.

काळेवाडीला घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.

"उद्या डब्यात त्याच्यासाठी दोन पोळ्या जास्त देते," ती म्हणाली. "तुमचा शब्दन् शब्द ऐकणारा जगात तो एकटाच निघाला."